पायऱ्या दाखवा

गॅरेजवर येणारं गिऱ्हाईक "इंजिनाची ताकद कमी झाली" असं कधी म्हणत नाही. कुणी म्हणतं, "गाडी ओढत नाही." कुणी म्हणतं, "पिकअप गेलं." रानातनं आलेला माणूस म्हणतो, "चढाला दमती हो." एकदा एक आजी नातवाच्या गाडीतून उतरल्या, पदरानं वारा घेतला आणि मला म्हणाल्या, "मिस्त्री, हिला दमा झालाय बघा. श्वास सोडवंना तिला." नातू ओशाळला, मी हसलो. ती गाडी क्लचप्लेटची होती, म्हणजे आजींचं निदान तिथं चुकलंच. पण पुढं ते दुसऱ्याच एका गाडीला तंतोतंत लागू पडलं. ते कळेपर्यंत मी एका भल्या माणसाचे साडेतीन हजार रुपये पाण्यात घातले होते.

गोष्ट २००७ सालची. त्याआधी आठ वर्षं मी पुण्याला नाना पेठेत उस्तादांच्या हाताखाली काढली होती. मग वाईत स्वतःचं गॅरेज टाकलं. हात चांगला बसला होता, कान तयार झाला होता, आणि या दोन्हींचा थोडा माजही चढला होता. बॉनेट उघडायच्या आत मी दुखणं सांगायचो. गिऱ्हाइकाला ते आवडायचं, मलाही आवडायचं.

गाडी होती १९९८ ची मारुती ८००, मुंबई पासिंग. कार्ब्युरेटरवाली, तीन सिलिंडर, ७९६ सीसी. मालक गणिताचे निवृत्त शिक्षक. मुंबईतली नोकरी संपवून वाईला येऊन राहिले होते आणि आठवड्यातून दोन दिवस पाचगणीच्या एका शाळेत शिकवायला जायचे. म्हणजे पसरणीचा घाट ठरलेला. वाई समुद्रसपाटीपासून साधारण ७०० मीटरवर, पाचगणी १२९० च्या आसपास. तेरा किलोमीटरच्या आत गाडीला तेवढी उंची चढायची असते.

सरांनी तक्रार नीट सांगितली होती. माणूस गणिताचा, मोजून बोलणारा. "सपाटीला काही नाही. घाटात पाच-सहा वळणं झाली की पाय दाबला तरी पुढं जात नाही. दुसऱ्या गिअरलाही कुरकुरते. बाजूला घेऊन दहा मिनिटं थांबलो की पुन्हा दोन-तीन वळणं बरी जाते. मग परत तेच. आणि हो, पायाखाली फार गरम लागतं हल्ली."

शेवटचं वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं. नऊ वर्षांची गाडी, उन्हाळा तोंडावर, गरम लागणारच. मी धरलं ते मधलं वाक्य. थांबल्यावर बरी होते! हे लक्षण मला पाठ होतं. उस्तादांकडं फियाटी यायच्या, प्रीमियर पद्मिनी. उन्हाळ्यात घाट चढताना त्यांच्या पेट्रोल पंपात पेट्रोलची वाफ व्हायची, पंप नुसती वाफ ओढत बसायचा आणि गाडी मरायची. ड्रायव्हर लोक पंपावर ओलं फडकं टाकून बिडी ओढत उभे राहायचे. बिडी संपेपर्यंत पंप गार, गाडी चालू. दुसरं कारण फिल्टर. टाकीतली घाण फिल्टरवर येऊन बसते, जोरात ओढलं की वाट बंद करते, थांबलं की खाली बसते. दोन्हीकडून बोट पेट्रोलकडंच जात होतं. मी सरांना म्हणालो, "पेट्रोल कमी पडतंय. संध्याकाळी घेऊन जा."

पेट्रोल फिल्टर बदलला, पंप बदलला. सपाटीवर पसरणी गावापर्यंत चक्कर मारून आलो. गाडी भिंगरीसारखी. बिल झालं अकराशे.

चार दिवसांनी सर परत. तेच दुखणं. मी म्हणालो, "मग कार्ब्युरेटरच." तो उतरवला, पेट्रोलमध्ये धुतला, जेट हवेनं फुंकले, नवा किट टाकला. एअर फिल्टर नवा. टायमिंग लावलं. परत पसरणीपर्यंत चक्कर. चोवीसशे रुपये. सरांनी शांतपणे मोजून दिले.

आठवड्यानं ते तिसऱ्यांदा आले तेव्हा मी एका जीपखाली झोपलो होतो. त्यांच्या चपला दिसल्या आणि मला कळलं. बाहेर येता येताच माझ्या तोंडात पुढचं उत्तर तयार होतं, "सर, व्हॉल्व्ह गेले असणार. हेड उतरवून बघू."

सर काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मिस्त्री, पोरगं वहीत उत्तर लिहितं बेचाळीस. मी म्हणतो, चूक. ते खोडून पंचेचाळीस लिहितं. परत चूक म्हटलं की अठ्ठेचाळीस. तुमचं तसंच चाललंय. मला उत्तर नको. पायऱ्या दाखवा."

माझ्या हाताखालचा पोऱ्या फिस्सकन हसला. मला राग आला, तो आधी पोऱ्यावर काढला. पण सर उभेच होते, आणि माझ्याकडं दाखवायला खरोखर एकही पायरी नव्हती. पंप का बदलला? वाटलं म्हणून. कार्ब्युरेटर का उतरवला? पंपानं झालं नाही म्हणून. मोजलं काय? काही नाही. ज्या घाटात गाडी दमते त्या घाटात मी एकदाही तिच्याबरोबर गेलो नव्हतो. रोग्याला ताप रात्री येतो म्हणावं आणि वैद्यानं रोज दुपारी कपाळाला हात लावून "गार आहे" म्हणावं, तसा प्रकार.

"उद्या सकाळी मी तुमच्याबरोबर पाचगणीला येतो," मी म्हणालो.

निघण्याआधी मी पहिल्यांदाच एक प्रश्न स्वतःला विचारला : ताकद खरंच इंजिनात कमी आहे का? कारण गाडी ओढत नाही याचा अर्थ इंजिन दमलं असाच होत नाही. क्लच सरकत असेल तर इंजिन ओरडतं आणि गाडी जागेवर. ब्रेक धरून राहिला असेल तर इंजिन बिचारं चाकाशी झटत बसतं. मागं एका टॅक्सीवाल्याची गाडी चढाला मरत होती. त्यानं ॲक्सिलरेटरखाली जाडजूड नवं मॅटिंग टाकलं होतं, पेडल तळाला टेकायच्या आधी मॅटिंगला टेकायचं. ब्लेडनं चार इंच मॅटिंग कापलं, गाडी नवी. म्हणून सरांची गाडी आधी सपाट जागी न्यूट्रलला टाकून हातानं ढकलली. लोण्यासारखी गेली. पोऱ्याला आत बसवून पेडल पूर्ण दाबायला लावलं आणि मी वर कार्ब्युरेटरवर डोळा ठेवला. थ्रॉटल पूर्ण उघडत होता. चोक पूर्ण सुटत होता. या झाल्या पहिल्या तीन पायऱ्या. फुकटच्या, पाच मिनिटांच्या.

घाटात सर चालवत होते, मी शेजारी. सहाव्या वळणाला ते झालं. आवाजात मिसिंग नाही, धक्के नाहीत, फटके नाहीत. इंजिन गोळीबंद वाजत होतं, पण कुणीतरी मागून पदर धरावा तशी गाडी ओढली जात होती. क्लच सरकत नव्हता. गाडीबरोबर इंजिनाचे फेरेही उतरत होते. "गाडी बंद करू नका, बाजूला घ्या," मी म्हणालो आणि उडी मारून बॉनेट उघडलं.

या कार्ब्युरेटरच्या फ्लोटच्या डब्याला नखाएवढी गोल काच असते. आत पेट्रोल किती उभं आहे ते बाहेरून दिसतं. गॅरेजमध्ये ती काच मी दोनदा बघितली होती, पण गाडी बरी असताना. आता गाडी आजारी असताना बघितली. पेट्रोल बरोबर मधल्या खुणेला उभं होतं. जराही खाली नाही.

त्या नखाएवढ्या काचेनं माझे आधीचे दोन्ही निकाल खोटे ठरवले. पेट्रोल कमी पडतच नव्हतं. पंपाचे पैसे गेले, फिल्टरचे गेले, कार्ब्युरेटरचेही गेल्यातच जमा. मी सरांना तसं तिथंच सांगितलं. ते म्हणाले, "छान. एक पर्याय कमी झाला." त्या "छान"नं मला जास्त लागलं.

परत येताना डोकं पहिल्यांदा नीट चालायला लागलं. इंजिनाला लागतं काय? हवा, पेट्रोल, दाब, ठिणगी, आणि जळालेलं बाहेर जायला वाट. घाट चढताना हवा विरळ होते हे खरं. दर शंभर मीटरला ताकद साधारण एक टक्क्यानं उतरते. पण सहाव्या वळणापर्यंत गाडी किती चढणार? तेवढ्यानं दुसरा गिअर जड होत नाही, आणि दहा मिनिटं थांबल्यानं हवा काही दाट होत नाही. ठिणगी गेली असती तर मिसिंग आलं असतं. राहिला दाब आणि राहिली बाहेरची वाट.

दाब मोजला. तिन्ही प्लग काढून कॉम्प्रेशन गेज लावला, पेडल पूर्ण दाबून स्टार्टर फिरवला. तिन्ही सिलिंडर १५५ ते १६० पौंडांच्या आत. तिघांत फरक नाही म्हणजे रिंगा, व्हॉल्व्ह, हेडचं पॅकिंग, सगळं जागेवर. टायमिंग बेल्टचं कव्हर काढून खुणा बघितल्या, बेल्टनं दातही सोडला नव्हता. आदल्या दिवशी सरांनी थांबवलं नसतं तर मी हे धडधाकट हेड उतरवून बसलो असतो.

मग भिंतीवरच्या खिळ्याकडं नजर गेली. उस्तादांनी मला निघताना एक व्हॅक्यूम गेज दिला होता. पितळी, काचेला तडा गेलेला. मी तो आठवण म्हणून टांगून ठेवला होता, हत्यार म्हणून नव्हे. इंजिन हवा ओढतं तेव्हा इनलेटमध्ये जी ओढ तयार होते ती हा गेज पाऱ्याच्या इंचांत दाखवतो. समुद्रकाठी निरोगी इंजिन आयडलला एकोणीस-वीस इंच दाखवतं, वर चढावं तसं दर हजार फुटाला एखादा इंच कमी. वाईला सतरा म्हणजे उत्तम.

नळी लावली. आयडलला काटा साडेसोळावर, स्थिर. पोऱ्याला म्हणालो, "रेस वाढव आणि तिथंच धर. सोडू नको." कानाच्या अंदाजानं अडीच-तीन हजार फेरे. निरोगी गाडीत काटा क्षणभर पडतो आणि लगेच वर येऊन आयडलच्या जागी किंवा थोडा वरच स्थिरावतो. इथं तो वर आला, सतराला टेकला आणि मग खाली सरकायला लागला. पंधरा. तेरा. पेडल हललेलं नाही, आवाज फार बदललेला नाही आणि काटा मात्र भरलेल्या पोत्याला भोक पडल्यासारखा उतरतोय. अकरा. नऊ. इंजिन आत ओढत होतं ते बाहेर जात नव्हतं. आतल्या आत तुंबत होतं, आणि तुंबलेल्या घरात नवीन हवा येणार कुठून?

मला आजी आठवल्या. श्वास सोडवंना तिला.

एक लिटर पेट्रोल नीट जाळायला जवळजवळ नऊ हजार लिटर हवा लागते. ८०० चं एवढंसं इंजिन, पण चार हजार फेऱ्यांना पूर्ण पेडलवर मिनिटाला दीड हजार लिटरच्या आसपास हवा गिळतं. ती सगळी तापून, फुगून मागच्या पाईपातून बाहेर पडायची असते. आपण मात्र बॉनेट उघडतो म्हणजे गाडीचं तोंड उघडतो. खाणं-पिणं बघतो, घसा बघतो. मागं वाकून कोण बघतो? मीही बघितलं नव्हतं. आयडलला सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरला होता तेव्हा धूर येत होता, एवढ्यावर समाधान मानलं होतं. आयडलला हवा लागते ती चमचाभर. अर्धी वाटही तिला पुरते.

खात्री करायचा उपाय सोपा आणि बेसूर. पुढचा एक्झॉस्ट पाईप जिथं इंजिनाला जोडतो तिथले बोल्ट सैल केले, फट पाडली, आणि सरांना घेऊन परत घाटात. आवाज असा की पसरणीतली कुत्री मागं लागली. सर एका हातानं कान धरून चालवत होते. सहावं वळण गेलं, दहावं गेलं. गाडी चढत होती, तिसऱ्या गिअरलाही नाही म्हणत नव्हती. वर पोचल्यावर सरांनी इंजिन बंद केलं आणि कानातला हात काढून म्हणाले, "ही पायरी सगळ्या वाईनं ऐकली."

वाट अडवून कोण बसलं होतं ते संध्याकाळी कळलं. १९९५ च्या एप्रिलपासून मुंबईसह चारही महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला होता. गाडी मुंबईची, म्हणून तिला तो होता. डबा उतरवून हलवला तर आत खुळखुळ्यासारखा आवाज. करवतीनं कापला. आत एक चिनीमातीसारखी वीट असते, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी, चौरस इंचाला चारशेच्या आसपास भोकं. त्या भोकांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असल्या महागड्या धातूंचा हात फिरवलेला असतो. अर्धवट जळालेला विषारी धूर तिथून जाता जाता पुरा जळतो. इथं पोळ्याचा पुढचा भाग वितळून काचेसारखा गोळा झाला होता, काळा, चकचकीत. मागचा भाग फुटून त्याचे तुकडे सुटे झाले होते. जोर लावला, धुराचा लोट वाढला, की तुकडे वाहत जाऊन बाहेरच्या तोंडाशी आडवे पडायचे. गाडी थांबवली की निम्मे खाली घसरायचे. थांबल्यावर बरी होते ती ही अशी. मी त्याला पेट्रोल समजलो होतो. लक्षण खरं होतं, अर्थ मी माझ्या आठवणीतून लावला होता.

पण काम इथं संपलं नाही. सरांनी तुकडा हातात घेऊन विचारलं, "ही वीट वितळायला किती उष्णता लागते?" मी म्हणालो, चौदाशे अंशांच्या आसपास. "रोज तेवढी असते?" नाही, त्याच्या निम्मीही क्वचित. "मग एवढी आली कुठून?"

कन्व्हर्टर तापतो तो न जळलेलं पेट्रोल त्याच्यात जाऊन पेटलं तर. आणि न जळलेलं पेट्रोल तिथवर जातं ते एखादा सिलिंडर मिसिंग करत असला तर. ठिणगी पडत नाही, पेट्रोल मात्र येतच राहतं. मी म्हणालो, "पण गाडीत मिसिंग नाही." सर म्हणाले, "आता नाही. दिवाळीत होतं. तुम्हीच काढलंत की."

बिलबुक काढलं. खरंच. चार महिन्यांपूर्वीची माझ्याच अक्षरातली नोंद : एका प्लगची वायर बदलली. सर तेव्हा जवळजवळ दोन महिने गाडी तशीच दोन सिलिंडरवर दामटत होते, "थोडी थरथरते" एवढंच म्हणत. मी वायर बदलली, गाडी गुळगुळीत झाली, मी खूश. त्या दोन महिन्यांत तिसऱ्या सिलिंडरचं पेट्रोल कुठं जात होतं हे माझ्या डोक्यातही आलं नाही. पायाखाली गरम लागतं हे सरांनी सांगितलं होतंच. म्हणजे दुखण्याचं पहिलं टोक माझ्या बिलबुकात, शेवटचं टोक सरांच्या तोंडात, आणि मी मध्ये नवे पार्ट विकत होतो.

त्या काळी आमच्याकडं असल्या डब्यावर एकच इलाज चालायचा : वीट फोडून काढायची, रिकामा डबा परत लावायचा. खोटं कशाला बोलू, मीही बऱ्याच गाड्यांची पोटं अशी रिकामी केली होती. सरांनाही तो स्वस्तातला मार्ग सांगितला. त्यांनी विचारलं, "मग तो धूर जातो कुठं?" मी म्हणालो, हवेत. ते म्हणाले, "माझी शाळा घाटाच्या वरच आहे." नवीन कन्व्हर्टर पुण्याहून मागवला. बाकीच्या दोन प्लगच्या वायरी त्याच वयाच्या होत्या, त्याही बदलल्या. नाहीतर वर्षभरात हाच डबा परत कापायला लागला असता. गेज लावला, रेस धरली. काटा सतराला आला आणि खिळा मारल्यासारखा बसला.

बिल करताना मी पंपाची आणि कार्ब्युरेटरची मजुरी वजा केली. वाटलं होतं, सर नको म्हणतील. सरांनी बेरीज-वजाबाकी पुन्हा तपासली, मी माझ्या तोट्याची केलेली तीस रुपयांची चूक दाखवली, ती मला परत दिली आणि बाकीचे खिशात घातले. "आता बरोबर," म्हणाले. पेपर तपासून झाल्यावर म्हणतात तसं.

त्या दिवसापासून गॅरेजात एक शंभर पानी वही आहे. आज तिची अकरावी बहीण चालू आहे. बॉनेट उघडायच्या आधी तीन ओळी लिहायच्या : कधी दमते, कधीपासून दमते, त्याच्या आधी काय झालं होतं. मग मोजमाप. मगच पाना. आता गाड्या इंजेक्शनच्या आल्या, पोरं स्कॅनर लावतात आणि पडद्यावर कोड आला नाही तर "काही फॉल्ट नाही" म्हणून मोकळी होतात. स्कॅनर वाईट नाही, मीही वापरतो. पण तो सेन्सरनं सांगितलं तेवढंच सांगतो, आणि पायाखाली गरम लागतं हे त्याला कुणी सांगत नाही. गाडीत बसणारा सांगतो. तेही आपण विचारलं आणि ऐकलं तर.

तो हसणारा पोऱ्या आता साताऱ्याला स्वतःचं गॅरेज चालवतो. मध्यंतरी त्याचा फोन आला. "दादा, एक जुनी झेन आलीय. घाटात दमती. पंप बदलू का?"

मी विचारलं, "वहीत काय लिहिलंयस?"

पलीकडं थोडा वेळ शांतता. मग पानं उलटल्याचा आवाज आला.